घोड्याच्या खुरात फिनाईल ओतू नका हो!
तळखुराला घाण वास यायला लागला, काळपट चिकट पाणी सुटलं की आपल्याकडे ठरलेला सल्ला, फिनाईल नाहीतर रॉकेल ओत, दोन दिवसात कोरडं पडेल. वास जातो हे खरं, पण तो दबतो फक्त, आजार तिथेच राहतो आणि वर आतला जिवंत भाग पोळतो तो वेगळाच.

खुराच्या तळाशी तो व्ही आकाराचा मऊ भाग असतो ना, त्याच्या खाचेत लीद-चिखल अडकून बसतो आणि हा सडवणारा आजार करणारे जंतू हवा नसेल तिथेच वाढतात, म्हणजे खाच उघडी न करता वरून काहीही ओता, फुकट. रोज हुकने खरडून काढा, धुवा, नीट पुसून कोरडं करा, मग पातळ केलेलं पोविडोन आयोडीन (जखमेवर लावायचं जंतुनाशक) लावा. सडलेला भाग नालबंदाकडून कापून घ्या, स्वतः सुरी चालवू नका. आणि तबेला ओला असेल तर औषध काय करणार?

घोडा लंगडत असेल, खूर गरम लागत असेल तर घरगुती काही नको, आत पू असू शकतो, सरळ डॉक्टर बोलवा. धनुर्वाताची लस झालीये का तेही बघा, घोड्याला तो फार पटकन होतो.