मनोरंजन-वकिलीचे शिक्षण

चित्रपट, संगीत, नाटक, दूरचित्रवाणी, ओटीटी, व्हिडिओ गेम अशा व्यवसायांतील करार, हक्क आणि वाद हाताळणाऱ्या वकिलाला लागणारे शिक्षण. या कामाची वेगळी सनद नसते. वाट नेहमीच्या कायद्याच्या पदवीतूनच जाते. भारतात बारावीनंतर ५ वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम किंवा कोणत्याही पदवीनंतर ३ वर्षांची एलएल.बी., पुढे राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. अमेरिकेत साधारण ४ वर्षांच्या पदवीनंतर ३ वर्षांची जे.डी. (ज्युरिस डॉक्टर) ही कायद्याची पदवी आणि त्या त्या राज्याची बार परीक्षा. इंग्लंड व वेल्समध्ये सॉलिसिटर (तिथल्या वकिलांचा एक प्रकार) होण्यासाठी २०२१ पासून एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही परीक्षा आली. तिच्या जोडीला २ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

खरा पाया दोन विषयांचा : करार कायदा आणि कॉपीराइट. एखादे गाणे जाहिरातीत वापरायचे म्हटले, तर परवानगी कुणाकुणाची? शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा कंपनीकडे, आणि गायकाला कलावंत म्हणून मिळणारे हक्क निराळेच. शब्द व चाल यांना १८८६ चा बर्न हा आंतरराष्ट्रीय करार आधार देतो, गायक-वादकांना १९६१ चा रोम करार. त्यावर प्रत्येक देशाचा कायदा बसतो. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगीताचा गीतकार वा संगीतकार चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीतला आपला वाटा निर्मात्याला लिहून देऊ शकत नाही. तसे कलम करारात घातले तरी ते टिकत नाही. ही गुंतागुंत ज्याला एका गाण्यापुरती उलगडता आली, त्याला चित्रपटाचा करार वाचणे जड जात नाही.

कामगार कायद्याकडे विद्यार्थी सहसा दुर्लक्ष करतात, हे मोठे नुकसान आहे. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलँड हिने १९४४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध जिंकलेला खटला कॉपीराइटचा नव्हता. कामावरून दूर ठेवलेला काळ स्टुडिओ तिच्या कराराच्या मुदतीत वाढवू पाहत होता. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात अशा करारांना असलेली ७ वर्षांची मर्यादा ही सलग ७ वर्षेच होय, असे न्यायालयाने ठरवले. व्यापारचिन्ह, बदनामी, खासगीपणाचा हक्क आणि कर यांचीही ओळख हवी.

एलएल.एम. ही कायद्याची पदव्युत्तर पदवी बंधनकारक नाही. बौद्धिक संपदेतील (कॉपीराइट, व्यापारचिन्ह यांसारख्या हक्कांच्या) पदव्युत्तर अभ्यासाने सखोलता येते, पण त्याहून उपयोगी ठरते ती उमेदवारी : निर्मितीसंस्थेच्या विधी विभागात किंवा या क्षेत्रातील वकिलाच्या हाताखाली. कथेच्या मूळ लेखकापासून आजच्या निर्मात्यापर्यंत हक्क कुणाकडून कुणाकडे गेले, हे जुन्या कागदांवरून लावून पाहण्याचे काम नवशिक्याकडे अनेकदा येते. मधल्या एका हस्तांतरावर सही नसेल किंवा त्याची मुदत संपलेली असेल, तर पूर्ण झालेला चित्रपटही वितरक हाती घेत नाही. असा तुटलेला दुवा शोधायला याच कामात शिकता येते.