वाफ नेमकी जिरते कुठे?

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात जमिनीखाली दीड लाख कोटी बॅरलपेक्षा जास्त जड तेल आहे. हा आकडा दाखवून ‘आता तेलाची चिंताच मिटली’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. त्यातलं आजच्या तंत्रानं आणि आजच्या भावात काढणं परवडेल असं तेल साधारण दहावा हिस्साच आहे.

हे तेल डांबराइतकं घट्ट असतं. विहीर खणली तरी वाहत नाही. म्हणून आत वाफ सोडतात. दोनशे अंशांच्या आसपास तापलं की तेच तेल पातळ होऊन विहिरीकडे सरकतं. एक बॅरल तेलामागे किती बॅरल पाण्याची वाफ लागली, या गुणोत्तरावर सगळा धंदा उभा असतो. 159 लीटर, म्हणजे बॅरलभर पाण्याची वाफ करायला, बॉयलरमध्ये वाया जाणारी उष्णता धरून, सुमारे 500 मेगाज्यूल लागतात. बॅरलभर तेलात ऊर्जा असते सुमारे 6100 मेगाज्यूल. म्हणजे गुणोत्तर 3 असलं तर चौथा हिस्सा वाफेतच गेला. 12 झालं की हाती शून्य, आणि धंदा तर त्याच्या कितीतरी आधीच बसतो.

हे गुणोत्तर ठरवतो तो तेलाच्या थराखालचा आणि वरचा खडक. वाफेची उष्णता तेलापुरती थांबत नाही, ती या दोन्ही खडकांत झिरपत राहते आणि तिथून एक थेंबही मिळत नाही. थर 30 मीटर जाड असो की 5 मीटर, छत आणि तळ तेवढेच. तेल मात्र सहापट कमी. पातळ थर इथेच मार खातात. सावकाश वाफ सोडून पैसे वाचतील असंही नाही, कारण जितका वेळ जास्त, तितकी उष्णता खडकात जास्त मुरते.

खोलीचंही तसंच. वाफेचं खरं बळ तिच्या अप्रकट उष्म्यात, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी होताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेत. वातावरणाच्या दाबाला तो किलोमागे 2257 किलोज्यूल असतो, पण दाब वाढेल तसा घटतो. दीड किलोमीटर खाली पाण्याच्या स्तंभाइतका दाब असेल, तर तो निम्म्याहूनही कमी उरतो. शिवाय तिथवर जाताना विहिरीच्या नळीतूनही उष्णता गळते.

तेलाचे भाव पडले तरी अनेक कंपन्या बॉयलर बंद करायला कचरतात, ते यामुळेच. थर एकदा निवला की तो पुन्हा तापवायचा इंधनखर्च अंगावर येतो.