दुबईच्या शाळेत नोकरी लागली, पण पदवीचं अटेस्टेशन अडलंय?

दुबई-शारजाच्या शाळांची ऑफर आलेले शिक्षक माझ्याकडे कागद दाखवायला येतात. मुलाखत झालेली असते, डेमो लेक्चर आवडलेलं असतं आणि गाडी अडते ती कागदांवर. म्हणून इथे अडणाऱ्या जागांवरच जास्त लिहितेय.

पात्रता थोडक्यात सांगते. तुम्ही शिकवणार त्या विषयाची पदवी आणि बी.एड. हवी. बहुतेक शाळा दोन वर्षांचा अनुभवही मागतात. दुबईत खासगी शाळांवर केएचडीएची (तिथल्या सरकारच्या शिक्षण प्राधिकरणाची) देखरेख असते. शिक्षकाची मंजुरी शाळाच घेते, तुम्ही स्वतंत्र अर्ज करायचा नसतो.

आता पदवीचं अटेस्टेशन, म्हणजे पदवी खरी असल्याचे एकापाठोपाठ एक घ्यायचे अधिकृत शिक्के. आधी विद्यापीठाची पडताळणी, मग मुंबईत मंत्रालयातल्या उच्च शिक्षण विभागाचा शिक्का, त्यानंतर भारताचं परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास आणि शेवटी यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर. हा क्रम बदलत नाही. आपलं परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फतच घेतं.

पहिली अडचण इथेच येते. अनेकांकडे पदवी नसतेच, असतं ते प्रोव्हिजनल किंवा पासिंग सर्टिफिकेट. पदवीदानाचा अर्ज भरायचा राहून गेलेला असतो आणि वीस वर्षं त्यावाचून काही अडलेलं नसतं. ते प्रमाणपत्र इथे चालत नाही. विद्यापीठात आजच अर्ज टाका, कारण सगळ्यात जास्त दिवस तिथेच जातात.

दुसरी अडचण लॅमिनेशनची. शिक्के कागदाच्या मागच्या बाजूला उमटतात, प्लास्टिकवर उमटत नाहीत. सोलापूरच्या एका बाईंनी घरी इस्त्री फिरवून प्लास्टिक सोललं, तर कुलगुरूंच्या सहीची शाई त्याच्याबरोबर निघून आली. कृपा करून हा प्रयोग करू नका. दुय्यम प्रत मागवा.

तिसरी अडचण अपोस्टिलची, म्हणजे दूतावासात न जाता परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यावरच भागणाऱ्या प्रमाणीकरणाची. एजंट म्हणतो, ‘मॅडम, अपोस्टिल करून देतो, लवकर होतं.’ होतं लवकर, पण हेग करारात, म्हणजे एकमेकांचं अपोस्टिल मान्य करायच्या करारात, असलेल्या देशांसाठी. यूएई त्या करारात नाही, तिथे दूतावासाचंच अटेस्टेशन लागतं. अपोस्टिलवर पैसे घालवून लोक पुन्हा पहिल्या पायरीवर येतात, याचा मला फार राग येतो. काउंटरवर कागद घेताना ‘कुठल्या देशासाठी?’ एवढं विचारायला काय जातं?

बायकांचा सगळ्यात मोठा घोळ नावाचा. पदवीवर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. परदेशातल्या कारकुनाच्या लेखी या दोन वेगळ्या व्यक्ती. गॅझेटमध्ये नाव बदललं म्हणून पदवीवरचं नाव बदलत नाही, गॅझेट फक्त दोन नावं जोडतं. त्यासोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र ठेवा. त्याचं अटेस्टेशन शिक्षण विभागात होत नाही, शैक्षणिक नसलेल्या कागदांसाठी वेगळा विभाग असतो, हे न कळल्याने फेऱ्या वाया जातात. नवरा-मुलांना नेणार असाल तर मुलांचे जन्मदाखलेही याच वेळी काढून ठेवा.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नसल्याचं प्रमाणपत्र, पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढा, फी ५०० रुपये. ठाण्यातला चारित्र्य दाखला वेगळा, तो चालत नाही. फार आधीही काढू नका, शाळेला तो ताजा लागतो.

मुदतीचा गैरसमजही नेहमीचाच. नोकरीच्या एन्ट्री परमिटवर ६० दिवस लिहिलेले असतात. ते परमिट जारी झालेल्या तारखेपासून मोजायचे आणि तेवढ्यात तिथे पोहोचायचं. इथल्या शाळेची नोटीस संपेपर्यंत थांबायचं म्हणून कुणी परमिट आधीच काढून घेतलं, तर ते हातातच संपतं. म्हणून शाळेला रुजू व्हायची तारीख आधी लेखी विचारा आणि मगच परमिट काढू द्या. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश शाळा ऑगस्टच्या अखेरीस, तेव्हा तुमची घाई किती आहे हे शाळेवरही ठरतं.

एजंटकडून जात असाल तर त्याची नोंदणी ई-मायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंट ३०,००० रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बघू’ असं म्हणणाऱ्याला ठाम नकार द्या. मूळ पदवी हातातून सोडण्याआधी दोन्ही बाजूंचा रंगीत स्कॅन घ्या आणि ती कुणाला, कोणत्या तारखेला दिली याची सही घ्या, कारण ती तुमच्याकडे परत यायला कित्येक आठवडे लागतात.