वचन खरं, पण कोणासाठी आणि कधी? दुःखितांना बायबलमधून धीर देण्यामागची पार्श्वभूमी

बायबलमधला ईयोब, सगळं गमावून राखेत बसलेला नीतिमान माणूस, आणि हे तुझ्याच पापामुळे झालं असं त्याला सुनावणारे त्याचे मित्र बहुतेकांना माहीत आहेत त्यामुळे ती गोष्ट परत सांगत नाही, फक्त एक मुद्दा सहसा सुटतो. शेवटी देव त्यातल्या अलीफज नावाच्या मित्राला सरळ सांगतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत (ईयोब 42:7), आणि तरी त्याच अलीफजाचं एक वाक्य, देव ज्ञान्यांना त्यांच्याच धूर्तपणात धरतो हे (5:13), पुढे नव्या करारातला प्रेषित पौल करिंथकरांना पत्र लिहिताना शास्त्रवचन म्हणून वापरतो. म्हणजे बोलणं सगळंच खोटं नव्हतं, ते राखेत बसलेल्या माणसाला सुनावलं गेलं. सात दिवस गप्प बसले तोवर ते मित्र बरोबर होते.

मधली शतकं भराभर सांगतो. 590 च्या सुमारास एका पोपनं पाळकांसाठी लिहिलं की आनंदी माणसाला एक बोध आणि दुःखी माणसाला दुसरा. 1925 ला अमेरिकेतल्या एका मनोरुग्णालयात धर्मशास्त्राचे विद्यार्थी पेशंटजवळ बसून शिकायला लागले, आणि पुढे पाळकांचं काउन्सेलिंग मानसशास्त्राकडे इतकं झुकलं की वचन कोपऱ्यात गेलं अशी तक्रार आली, जी मला रास्त वाटते.

खरा गुंता 1970 चा. त्या वर्षी अमेरिकेत आलेल्या एका पुस्तकानं काउन्सेलिंग परत बायबलवर आणलं आणि पद्धतीचं नाव घेतलं ग्रीक 'नूथेतेओ' वरून. आता याला मराठीत काय म्हणायचं? बोध करणे, ताकीद देणे, कानउघाडणी करणे, तिन्ही चालतात आणि तिन्ही वेगळ्या लागतात. लेखकानं त्यात प्रेम आणि समोरच्याचं भलं दोन्ही धरलं होतं हे मान्यच करायला हवं, पण मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, बऱ्याच ठिकाणी पोचली ती कानउघाडणी, म्हणजे आधी पाप शोधा. मूल गमावलेल्या आईला दफनाच्या दिवशीच पौलाच्या रोमकरांस पत्रातलं 8:28 ऐकवायचं, सगळं मिळून कल्याणच होतं म्हणून, आणि ती रडायची थांबली नाही की तिचा विश्वास कमी. त्याच पत्रात चार अध्यायांनी, 12:15 ला, रडणाऱ्यांबरोबर रडा असं लिहिलंय!

आणि हेच क्रियापद थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात 5:14 ला येतं, तिथे ते फक्त अव्यवस्थित वागणाऱ्यांसाठी आहे. खचलेल्यांसाठी लगेच दुसरं क्रियापद, धीर द्या. अशक्तांसाठी तिसरं, आधार द्या. एकाच ओळीत तीन माणसं आणि तीन वागणुकी, आणि एका अख्ख्या पद्धतीला नाव मात्र पहिल्याचं.

1980 नंतरच्या पिढीनं आतूनच हे दुरुस्त करायला घेतलं, माणूस पापी आहे तसा पीडितही आहे हे ठामपणे मांडलं, आणि 2013 ला या पद्धतीचं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेनं तो ग्रीक शब्द स्वतःच्या नावातून काढला. त्यानंतर घरात मार खाणाऱ्या बाईला क्षमा कर, अधीन राहा एवढंच सांगणं किती घातक आहे यावर उघड बोललं जाऊ लागलं, उशिराच. विलापाच्या स्तोत्रांकडेही लक्ष वळलंय, त्यातलं 88 वं तर अंधारातच संपतं, पुढे सांत्वनाची एक ओळ नाही, आणि तरी ते प्रार्थनाच आहे.