व्हिर्तुस आणि व्हिर्तू: शब्द एकाच मुळातला, पण दोन्हीला ‘सद्गुण’ म्हणू नका

मॅकियाव्हेलीचं ‘प्रिन्स’, म्हणजे राजाने सत्ता कशी मिळवावी आणि टिकवावी यावरचं सोळाव्या शतकातलं इटालियन पुस्तक, वाचताना बरेच जण व्हिर्तू या शब्दापाशी अडतात. डिक्शनरीत अर्थ सापडतो सद्गुण, आणि मग कळेचना होतं, कारण हा माणूस राजाला वेळ आली तर दिलेला शब्द मोड म्हणतोय आणि वर सद्गुणाच्या गोष्टीही करतोय.

मूळ लॅटिन शब्द व्हिर्तुस, त्याचंच इटालियन रूप व्हिर्तू. व्हिर म्हणजे पुरुष, आपला ‘वीर’ त्याच कुळातला. रेनेसाँसच्या ह्युमॅनिस्ट मंडळींनी, म्हणजे जुने ग्रीक-लॅटिन ग्रंथ अभ्यासणाऱ्या विद्वानांनी, तो घेतला मुख्यतः प्राचीन रोमचा वक्ता आणि लेखक सिसेरो याच्याकडून: विवेक, न्याय, धैर्य, संयम, आणि हे गुण नुसते अंगी असून भागत नाही, शहराच्या कारभारात उतरून दाखवावे लागतात. यांच्यातलाच लिओनार्दो ब्रूनी बघा, १४२७ पासून १४४४ मध्ये मरेपर्यंत फ्लॉरेन्सचा चान्सलर, म्हणजे सरकारी पत्रव्यवहाराचा प्रमुख, आणि ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र आणि राज्यशास्त्र दोन्ही लॅटिनमध्ये आणणाराही तोच.

मॅकियाव्हेली त्याच फ्लॉरेन्सचा, त्याच पुस्तकांवर वाढलेला. १४९८ पासून चौदा वर्षं सरकारी नोकरी केली, १५१२ ला मेदिची हे आधी फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवलेलं घराणं परत आलं आणि ती गेली, पुढच्या वर्षी तुरुंग, हात मागे बांधून दोरीने वर टांगायचे तसला छळ, आणि मग गावाकडच्या घरी बसून हे पुस्तक लिहिलं. त्याची व्हिर्तू म्हणजे धमक, कर्तबगारी. नशीब ही पूर आलेली नदी, पण पाणी शांत असताना जो बांध घालून ठेवतो त्याच्याकडे व्हिर्तू आहे असं तो म्हणतो.

मला सगळ्यात भारी वाटते ती सिंह-कोल्ह्याची जागा. सिसेरो म्हणतो, बळजबरी सिंहाची आणि कपट कोल्ह्याचं, दोन्ही माणसाला न शोभणारं, त्यात कपट जास्त वाईट. मॅकियाव्हेली अठराव्या प्रकरणात तेच दोन प्राणी उचलतो आणि म्हणतो राजाने दोन्ही व्हायला शिकावं, कारण सिंहाला सापळे दिसत नाहीत आणि कोल्ह्याला लांडगे आवरत नाहीत! सिसेरो वाचलेल्या माणसाला हे थेट उत्तर आहे हे लगेच कळत असणार.

म्हणून मराठीत मी ब्रूनीसाठी सद्गुण आणि मॅकियाव्हेलीसाठी कर्तबगारी वापरते. तरी आठव्या प्रकरणात पंचाईत होतेच. सिराक्यूज या सिसिलीतल्या प्राचीन शहराचा क्रूर सत्ताधीश अगाथोक्लिस, त्याच्याबद्दल मॅकियाव्हेली आधी म्हणतो याच्याकडे व्हिर्तू होती, मग म्हणतो आपल्याच नागरिकांना मारणं आणि मित्रांना दगा देणं याला व्हिर्तू म्हणता येत नाही, आणि लगेच पुढच्या वाक्यात परत त्याची व्हिर्तू. तिथे मी दर वेळी थांबून पेन्सिलने समासात लिहिते, आत्ता कुठली.