दिल्ली मेंदू, राज्यं हातपाय आणि ग्रामपंचायत करंगळी? असं नाहीये

सरकार म्हणजे माणसाचं शरीर, दिल्ली मेंदू, राज्यं हातपाय, ग्रामपंचायत करंगळी, मेंदूने सांगितलं की हलायचं, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातंय आणि लोकांना पटतंही. पण ते दोन्हीकडून चूक आहे.

आधी शरीराचं बघा. गरम तव्याला बोट लागलं की हात झटकन मागे येतो तो मज्जारज्जूच्या पातळीवरच, दुखल्याचं मेंदूला नंतर कळतं. हृदयाचा ठोकासुद्धा हृदयातल्याच पेशी सुरू करतात, मेंदू फक्त वेग कमीजास्त करतो.

आता सरकार. पोलीस, दवाखाने, शेती हे घटनेच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या यादीत, राज्यांचे विषय आहेत, दिल्लीची मेहेरबानी नाही. आणि ग्रामपंचायतीला तर ७३व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून थेट घटनेत जागा मिळालीय, मुदत ५ वर्षांची, मधेच बरखास्त केली तरी ६ महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते, घरपट्टी पाणीपट्टी ती स्वतः वसूल करते. अडचण वेगळीच आहे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत पण त्यातले किती अधिकार खरंच खाली द्यायचे हे राज्य ठरवतं, आणि विषय दिला तरी त्यासाठीचा पैसा आणि माणसं बऱ्याचदा वरच अडकतात.

म्हणून गावातली गटार तुंबली की "वरून आदेश नाही" एवढं ऐकून परत येऊ नका, ग्रामसभेत उभे राहा आणि खर्चाचा हिशोब मागा.