उंदराच्या पाठीवरचा तो कान माणसाचा नव्हता

‘जनुकं बदलून उंदराच्या पाठीवर माणसाचा कान उगवला’ या ओळीसह एक फोटो वर्षानुवर्षं फिरतोय. फोटो खरा, ओळ साफ खोटी. १९९७ साली अमेरिकेत चार्ल्स व्हॅकँटी आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. विरघळणाऱ्या टाक्यांना वापरतात तसल्या पॉलिमरच्या जाळीला त्यांनी लहान मुलाच्या कानाचा आकार दिला, तिच्यात वासराच्या कूर्चेच्या (मऊ, लवचीक हाडाच्या) पेशी पेरल्या आणि ती उंदराच्या कातडीखाली बसवली. जाळी विरघळली, कूर्चा उरली. माणसाची पेशी एकही नाही! उंदीरही जन्मतःच केसहीन, दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या जातीचा, म्हणून परक्या पेशी टिकल्या. कानाविना जन्मलेल्या मुलांना उपयोगी पडू शकणाऱ्या या संशोधनाला राक्षसी ठरवणं मला फार अन्यायाचं वाटतं. त्या कानाला ऐकूही येत नव्हतं. होता तो फक्त बाहेरचा आकार.